बिल्ड दोनदा मारायचं असतं

२०१९ सालची गोष्ट. हिंजवडीत नोकरीला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. आमचं सॉफ्टवेअर काही पतसंस्था वापरायच्या. त्यात एक साधी स्क्रीन होती. कर्जाची रक्कम आणि मुदत टाकली की महिन्याचा हप्ता दिसायचा, आणि काउंटरवरचा माणूस तो आकडा समोरच्याला कागदावर लिहून द्यायचा. व्याजदर बदलला होता. या स्क्रीनच्या जावास्क्रिप्टमध्ये नवा दर टाकायचं काम माझ्याकडे आलं. (व्याजदर जावास्क्रिप्टमध्ये का लिहून ठेवला होता, हे विचारू नका.) मी बदल केला, माझ्या लॅपटॉपवर चार वेळा तपासला, संध्याकाळी रिलीज झालं आणि मी बस पकडून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास फोन आला. स्क्रीन जुन्याच दराने हप्ता दाखवत होती. सकाळपासून जितके लोक कर्जाची चौकशी करायला आले, त्या सगळ्यांच्या हातात चुकीचा आकडा गेला होता.

मी कोड उघडला. बरोबर होता. पुन्हा वाचला. बरोबरच होता. कॉलवर कुणीतरी विचारलं, "टेस्ट केलं होतंस ना नक्की?" केलं होतं, पण त्या क्षणी माझाच माझ्यावर विश्वास उरला नव्हता. दोन तास मी एका अचूक प्रोग्राममधली चूक शोधत होते. शेवटी टीम लीड जेवून परत आला, माझ्या स्क्रीनकडे बघून म्हणाला, "अगं, बिल्ड दोनदा मारायचं असतं. तुला कुणी सांगितलं नाही?"

दोनदा मारलं. नवा दर दिसला.

का, ते कुणालाच माहीत नव्हतं. रिलीजच्या यादीत मात्र ते रीतसर लिहिलेलं होतं. चौथी पायरी: बिल्ड चालवा. पाचवी पायरी: बिल्ड पुन्हा चालवा. त्या यादीतली पाचवी पायरी कुठून आली, हे शोधायला मी निघाले आणि थेट १९७६ सालात जाऊन पोहोचले.

एक वाया गेलेली सकाळ

बिल्ड म्हणजे काय, ते आधी थोडक्यात. आपण लिहिलेला कोड जसाच्या तसा क्वचितच चालतो. त्याचं आधी कशात तरी रूपांतर करावं लागतं, तुकडे जोडावे लागतात, गठ्ठा बांधावा लागतो. हे सगळं क्रमाने करणं म्हणजे बिल्ड. आणि ते माणसाऐवजी जे करतं, ते बिल्ड टूल.

१९७६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन काम करत होते. एके दिवशी त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन तणतणत त्यांच्या खोलीत आले. जॉन्सन काही नवशिके नव्हते. 'यॅक' हे युनिक्स जगातलं प्रसिद्ध टूल त्यांनीच लिहिलेलं. त्यांची अख्खी सकाळ एका अचूक प्रोग्राममधली चूक शोधण्यात गेली होती. चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती, पण दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली होती. त्यामुळे जोडताना जुनाच तुकडा जोडला जात होता. फेल्डमन स्वतः आदल्या संध्याकाळी अशाच भानगडीत अडकले होते. त्यांनी त्याच शनिवार-रविवारी यावर एक टूल लिहून काढलं. त्याचं नाव 'मेक'.

ही हकीकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा सरळ उठून पाणी प्यायला गेले. माझी सकाळ आणि जॉन्सन यांची सकाळ यांत त्रेचाळीस वर्षांचं अंतर होतं, आणि बाकी काहीच फरक नव्हता.

मेकची कल्पना स्वयंपाकघरातली आहे. आमटीत मीठ कमी पडलं म्हणून कुणी भात पुन्हा लावत नाही. मेकला आपण एका फाइलमध्ये लिहून द्यायचं की कोणती गोष्ट कशापासून बनते. मग मेक प्रत्येक फाइलची शेवटच्या बदलाची वेळ बघतं. कच्चा माल तयार मालापेक्षा नवा असेल तर तेवढीच गोष्ट पुन्हा बनवतं, बाकीच्यांना हात लावत नाही. 'कोण कुणावर अवलंबून आहे' याचा एक नकाशा आणि 'काय बदललं' हा एक प्रश्न, एवढंच मेकचं भांडवल. २००३ मध्ये एसीएम या संगणकशास्त्राच्या मोठ्या संघटनेने फेल्डमन यांना मेकसाठी पुरस्कार दिला.

मेकची एक खोड मात्र कुप्रसिद्ध आहे. त्याच्या फाइलमध्ये आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. टॅबऐवजी स्पेस पडल्या तर डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही, पण मेक अडून बसतं. फेल्डमन यांनी याचं कारण प्रामाणिकपणे सांगून ठेवलंय. घाईत तसं लिहिलं गेलं, काही आठवड्यांत डझनभर लोक, बहुतेक मित्रच, ते वापरू लागले, आणि त्यांचं चालू काम मोडायला नको म्हणून तो टॅब तसाच राहिला. त्या बारा जणांच्या सोयीसाठी आपण पन्नास वर्षं टॅब मारतोय.

दादरचा पूल

प्रोजेक्ट मोठे झाले तसे लोक प्रत्येक फोल्डरसाठी वेगळी मेकफाइल लिहू लागले. मुख्य मेक प्रत्येक फोल्डरमध्ये जाऊन तिथलं मेक चालवायचं. दिसायला हे नीटनेटकं होतं. १९९७ मध्ये पीटर मिलर या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने एक निबंध लिहून सांगितलं की ही पद्धत घातक आहे.

त्याचा मुद्दा समजायला दादरला उभं राहायचं. पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे, दोन्ही दादरला येतात. दोघींची वेळापत्रकं वेगळी. तुमची विरारहून आलेली गाडी उशिरा पोहोचली म्हणून पलीकडची कल्याण लोकल थांबत नाही. तिला ते माहीतच नसतं. दोन्ही गाड्यांचा हिशेब एकत्र ठेवणारा एकच जण असतो, तो म्हणजे पुलावरून धावत सुटलेला प्रवासी.

मिलरचं म्हणणं तेच. प्रत्येक मेककडे नकाशाचा एकेक तुकडा असतो. पूर्ण नकाशा कुणाकडेच नसतो. मग क्रम माणसाला हाताने ठरवावा लागतो, आणि तो चुकला की एक तर जुना माल जोडला जातो, नाहीतर सगळंच दर वेळी पुन्हा बनवावं लागतं. लक्षात घ्या, इथे दोन वेगळी टूल्सही नव्हती. एकाच टूलच्या दोन प्रती एकमेकींशी बोलत नव्हत्या.

लोक या अडचणीवर कसली मलमपट्टी करतात, तेही मिलरने लिहिलंय. त्यातला एक उपाय असा: सगळं बिल्ड एकापेक्षा जास्त वेळा चालवायचं. आमच्या यादीतली पाचवी पायरी मला इथे भेटली.

टॅबला कंटाळलेले लोक

मेक युनिक्सच्या मातीतलं. त्यातल्या आज्ञा म्हणजे त्या त्या मशीनच्या आज्ञा. जावाचं मात्र ब्रीदच होतं की एकदा लिहा, कुठेही चालवा. सन मायक्रोसिस्टिम्सने आपला वेब सर्व्हर, म्हणजे पुढे 'टॉमकॅट' नावाने ओळखला गेलेला, ओपन सोर्स करायचं ठरवलं तेव्हा ही अडचण समोर आली. तोवर तो सोलारिसवर, तिथल्या मेकने बांधला जायचा. आता तो जगात कुणीही, कुठल्याही मशीनवर बांधणार होतं. जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी त्यासाठी जावातच एक छोटं टूल लिहिलं, 'ॲन्ट'. २००० साली ते स्वतंत्रपणे बाहेर आलं. टॅबची कटकट गेली आणि तिच्या जागी एक्सएमएलचे कंस आले. ॲन्टच्या सुरुवातीच्या कागदपत्रांतसुद्धा मेकच्या त्या टॅबबद्दलचा वैताग लिहिलेला आहे. पुढे डेव्हिडसन यांनी कबूल केलं की एक्सएमएल निवडणं हीदेखील चूकच होती. प्रत्येक पिढी आधीच्या पिढीची खोड काढते आणि स्वतःची एक घालते.

ॲन्टमध्ये प्रत्येक पायरी आपणच लिहायची. त्यामुळे दर प्रोजेक्टची रीत वेगळी. २००४ मध्ये 'मेव्हन'ची पहिली पक्की आवृत्ती आली आणि तिने ठणकावून सांगितलं: रीत एकच असेल. कोड या फोल्डरमध्ये, इतर सामान त्या फोल्डरमध्ये, तयार माल 'टार्गेट' नावाच्या फोल्डरमध्ये. पायऱ्यांचा क्रमही ठरलेला. आधी सामान गोळा करणं, मग कंपाइल, मग चाचण्या, मग गठ्ठा बांधणं. लग्नातल्या विधींसारखं. तुम्हाला काही जादा करायचं असेल तर कुठल्या विधीनंतर, ते सांगा.

जादा करायचं तर असायचंच. म्हणून मेव्हनमध्ये ॲन्टची कामं चालवणारं प्लगइन आलं. नंतर आलेल्या ग्रेडलने तर ॲन्टची अख्खी फाइल आपल्यात ओढून घ्यायची सोय ठेवली. जुनं टूल कुणी टाकून दिलं नाही. नव्याने त्याला घरात घेतलं. यामागचं कारण तांत्रिक कमी आणि माणसांचं जास्त आहे. चालतं बिल्ड कुणी मोडत नाही, कारण ते मोडलं तर शुक्रवारी रात्री कुणाला थांबावं लागणार, हे सगळ्यांना माहीत असतं.

ब्राउझरवाल्यांचं वेगळं बिऱ्हाड

तोवर वेबवरच्या जावास्क्रिप्टला बिल्डची गरजच नव्हती. फाइल लिहायची, पानात जोडायची, झालं. मग पानं अॅप्ससारखी झाली. फाइल्स शेकड्यांनी वाढल्या. त्या एकत्र करून, आकुंचित करून पाठवणं गरजेचं झालं. सीएसएससाठी २००६ मध्ये 'सास' आलं. ते ब्राउझरला कळत नाही, त्याचं आधी सीएसएस करावं लागतं. म्हणजे कंपाइल करण्याचं काम इथेही आलंच.

२००९ मध्ये रायन डाल यांनी नोड आणलं, आणि जावास्क्रिप्ट ब्राउझरच्या बाहेर चालू लागली. पाठोपाठ एनपीएम आलं. आता फ्रंटएंडच्या लोकांना आपली अवजारं आपल्याच भाषेत लिहिता येऊ लागली. २०१२ मध्ये बेन आल्मन यांचं 'ग्रंट' आलं, २०१३ मध्ये 'गल्प'. ग्रंट प्रत्येक टप्प्याला फाइल डिस्कवर लिहायचं. गल्पने माल मेमरीतल्या मेमरीत पुढे सरकवायला सुरुवात केली. 'वेबपॅक'ने पुढचं पाऊल टाकलं. कोणती फाइल कुणाला बोलावते हे तो कोड वाचून स्वतःच शोधायचा. म्हणजे फेल्डमन यांचा नकाशा, पण हाताने न काढता.

एकाच ऑफिसात आता दोन बिऱ्हाडं झाली होती. सर्व्हरवाल्यांकडे मेव्हन, ब्राउझरवाल्यांकडे गल्प. शेवटी माल मात्र एकाच गठ्ठ्यात जायचा. मग मेव्हनसाठी एक प्लगइन आलं, जे नोड उतरवून घेतं, एनपीएम चालवतं, ग्रंट किंवा गल्पला हाक मारतं. एक आज्ञा दिली की दोन्ही घरं कामाला लागतात. हजारो कंपन्यांनी हे केलं आणि त्यात गैर काही नाही. दोन्ही टूल्स आपापल्या कामात चांगली आहेत.

गंमत अशी की या नव्या घराच्या पायाशीही मेक आहेच. नोड स्वतः सोर्सपासून बांधायचं तर युनिक्सवर मेकनेच बांधतात. एनपीएमच्या एखाद्या पॅकेजमध्ये सी प्लस प्लस असेल, तर 'नोड-जिप' नावाचं टूल पडद्यामागे मेकफाइल तयार करतं आणि मेक चालवतं. 'नोड-सास' वापरताना नोडची आवृत्ती बदलल्यावर ज्यांच्या टर्मिनलवर लाल अक्षरांची रांग उमटली असेल, त्यांनी हे पाहिलंय, फक्त ओळखलं नसेल. मेकचं नाव न ऐकलेली मुलंसुद्धा मेक चालवत होती.

आमची पाचवी पायरी

आता माझ्या चुकीकडे. माझी म्हणजे, माझ्या नावावर लागलेली.

आमच्याकडे मेव्हन गल्पला बोलवायचं. गल्प आकुंचित केलेली जावास्क्रिप्ट तयार करून मेव्हनच्या 'सामान' फोल्डरमध्ये ठेवायचं. तिथून मेव्हन ती उचलून टार्गेटमध्ये न्यायचं आणि गठ्ठा बांधायचं. पण कुणीतरी, कधीतरी, गल्पची पायरी गठ्ठा बांधण्याच्या अगदी आधी लावली होती. कदाचित त्यांना वाटलं असेल, गठ्ठ्याच्या आधी झालं म्हणजे झालं. मेव्हन मात्र सामान गोळा करतं सुरुवातीलाच, कंपाइलच्याही आधी.

म्हणजे घडायचं असं. मेव्हन सामान उचलायचं, त्यात मागच्या बिल्डची जावास्क्रिप्ट असायची. मग गल्प नवी जावास्क्रिप्ट बनवून तिथे ठेवायचं. मग मेव्हन आधी उचललेल्या जुन्याचाच गठ्ठा बांधायचं. दर वेळी आमचं फ्रंटएंड बरोबर एक बिल्ड मागे असायचं. दुसऱ्यांदा चालवलं की पहिल्या वेळची नवी फाइल उचलली जायची. 'क्लीन' करूनही उपयोग नव्हता, कारण क्लीन फक्त टार्गेट पुसतं आणि जुनी फाइल होती सामानाच्या फोल्डरमध्ये. गिटला ती दिसायची नाही, कारण तयार माल म्हणून तिला दुर्लक्षाच्या यादीत टाकलेलं. आणि माझ्या लॅपटॉपवर सगळं ठीक चालायचं, कारण तिथे मी दिवसभरात दहा वेळा बिल्ड मारलेलं असायचं.

गल्पची चूक नव्हती. मेव्हनची नव्हती. दोघांनीही आपापलं काम चोख केलं होतं. मेव्हनला ठाऊक नव्हतं की ती फाइल गल्प बनवतं. गल्पला ठाऊक नव्हतं की मेव्हन ती कधी उचलतं. पुलावर प्रवासी म्हणून मी उभी होते, आणि पूल आहे हेच मला माहीत नव्हतं.

दुरुस्ती दोन ओळींची झाली. गल्पची पायरी सामान गोळा करण्याच्या आधी लावली. गल्पचा तयार माल टार्गेटमध्ये ठेवला, म्हणजे क्लीन केल्यावर तोही पुसला जाईल आणि काही चुकलं तर जुनी फाइल गुपचूप जाण्याऐवजी फाइल सापडणारच नाही, लगेच कळेल. शोधायला चार संध्याकाळी लागल्या. त्यातल्या तीन तर 'चालतंय ना दोनदा मारून, मग कशाला हात लावतेस' हे ऐकण्यात गेल्या.

जोड मुद्दाम केली तरी

ही जुन्या काळची अडाणी गोष्ट आहे, आता असं होत नाही, असं वाटत असेल तर 'व्हीट'कडे बघा. इव्हान यू यांनी २०२० मध्ये आणलेलं हे टूल आज फ्रंटएंडमधल्या बहुतेक मुलांचं पहिलं टूल असतं. त्याची ताकदच दोन टूल्सच्या जोडीत होती. कोड लिहिताना वेग हवा म्हणून गो भाषेत लिहिलेलं ईएसबिल्ड, आणि शेवटचा माल बांधताना लवचिकपणा हवा म्हणून रोलअप. जोड अगदी विचारपूर्वक केलेली. तरी किंमत द्यावी लागलीच. लिहिताना एक टूल, पाठवताना दुसरं, त्यामुळे लॅपटॉपवर एक वागणूक आणि प्रत्यक्षात दुसरी, असं अधूनमधून होत राहिलं. म्हणून त्याच मंडळींनी रस्टमध्ये 'रोलडाउन' लिहायला घेतलं, दोघांच्या जागी एकच. २०२४ मध्ये त्याचा कोड सर्वांसाठी खुला झाला.

हेही अर्थात शेवटचं टूल नसेल. त्यालाही कुणीतरी कुठल्यातरी जुन्या मेव्हनला जोडेल, आणि जोडावंच लागेल. एकाच टूलने सगळं बांधणारी कंपनी मी अजून पाहिलेली नाही. म्हणून मी आता नव्या प्रोजेक्टवर गेले की आधी टूल्सची नावं विचारत नाही. एका टूलचा माल दुसरं टूल नेमक्या कोणत्या क्षणी उचलतं आणि तो ताजा आहे हे त्याला कसं कळतं, एवढं विचारते. बहुतेक वेळा उत्तर येतं, "ते चालतं." मग मी जेवायच्या सुट्टीत फाइल्सच्या वेळा बघत बसते.

पतसंस्थेने त्या दिवशी ज्यांना चुकीचा आकडा दिला होता, त्यांना फोन करून नवा कळवला. मला एक मूळ कारणाचा अहवाल लिहावा लागला. त्यात 'कारण' या रकान्यात आधी कुणीतरी 'डेव्हलपरकडून अपुरी चाचणी' असं भरून ठेवलं होतं. चार दिवसांनी मी ते खोडून 'बिल्डमधल्या पायऱ्यांचा चुकलेला क्रम' असं लिहिलं आणि मेल पुन्हा सगळ्यांना पाठवली. उत्तर कुणाचंच आलं नाही. पण रिलीजच्या यादीतून पाचवी पायरी मी स्वतः काढली.

मध्यंतरी त्या टीममधली एक मैत्रीण भेटली. तिला विचारलं, बिल्ड आता एकदाच मारता ना? ती म्हणाली, "हो, एकदाच लागतं." मग जरा थांबून म्हणाली, "पण रिलीजच्या दिवशी आम्ही दोनदाच मारतो. उगाच रिस्क कशाला?"